नळ नसलेल्या घरातली साथ

नमस्कार श्रोतेहो. ‘साबण लावून वीस सेकंद हात धुवा,’ हे २०२० साली आपण दिवसातून किती वेळा ऐकलं! पण घरात नळच नसेल तर?

अमेरिकेत ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या राज्यांत मिळून नवाहो आदिवासींचा मुलूख आहे, सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा. तिथल्या शंभरातल्या तीसेक घरांत नळाचं पाणी नाही. हो, अमेरिकेत! पिकअप गाडीत पिंपं टाकायची, कच्च्या रस्त्यानं कित्येक मैल जायचं, भरून आणायची. पेट्रोल घरचं, बुडालेला रोजही घरचाच. मग ते पाणी पुरवायचं: आधी प्यायला, मग स्वयंपाकाला. हातांसाठी एकच घमेलं, त्यात सगळं घर हात बुचकळणार. आजी, लेक, नातवंडं एकाच छपराखाली. आजीला वेगळं ठेवायला खोली आणायची कुठून? मे २०२० मध्ये लोकसंख्येच्या मानानं इथली कोविडची लागण न्यूयॉर्क राज्याच्याही पुढे गेली.

या माणसांच्या रक्तातच काही कमी होतं, असं कृपा करून कुणी समजू नये. आदिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेनं २०१७ साली माणशी ४,०७८ डॉलर खर्च केले. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत त्याच वर्षी माणशी ८,१०९ डॉलर खर्च झाले. साथ आली तेव्हा हा फरक जिवांवर बेतला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं सरासरी आयुर्मान २०१९ मध्ये ७१.८ वर्षं होतं. २०२१ मध्ये ते ६५.२ वर आलं. दोन वर्षांत इतकी घसरण! हा आकडा वाचला की मला त्या घरातली आजीच दिसते.

आणि याची किंमत फक्त आदिवासी मोजतात असंही नाही. वंशावंशांतल्या आरोग्याच्या दरीपायी, सगळे आजार धरून, अमेरिकेला २०१८ या एका वर्षात ४२१ ते ४५१ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला, असा संशोधकांचा अंदाज आहे. कोविड तेव्हा यायचाच होता.

१८६८ च्या तहानं हा मुलूख नवाहोंचं कायमचं घर ठरला. त्या घरापर्यंत पाणी पोचवण्यासाठी पावलं उचलणं केंद्र सरकारवर बंधनकारक आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: नाही. पिकअपमध्ये पिंपं चढतच आहेत.