बुटक्या तळघराचं छत

मंडळी, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की गावातली पोरं अभ्यासाला आणि भजनी मंडळं सरावाला तळघर शोधतात. तिथं थंडावा मिळतो, पण डोक्याला तुळई लागते आणि आवाज घुमतो. मग मिस्त्री येतो, वर बघतो आणि म्हणतो, “फॉल्स सीलिंग मारून टाकू, सगळं झाकून जाईल.” माझी हरकत या सगळं झाकण्यालाच आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता तळघराला जमिनीपासून छतापर्यंत किमान २.४ मीटर, म्हणजे जवळपास आठ फूट उंची मागते. खाली सीलिंग लावलं तर उंची त्याच्यापर्यंतच मोजायची. गावाकडचं तळघर मुळात तेवढंच खोल असतं. टाइलची ग्रिड, म्हणजे टाइल बसवायची टांगती चौकट, घालायची तर टाइल तिरपी करून आत सरकवायलाच चार-एक इंच जातात. ते आणणार कुठून? म्हणून पाइप जिथून जातात तेवढ्याच पट्ट्याला, भिंतीच्या कडेनं, जिप्सम बोर्डाची पेटी करा. पाइप खोलीच्या मधोमध आला असेल तर आधी प्लंबर बोलवा आणि तो भिंतीकडे वळवून घ्या. बाकीचा स्लॅब उघडाच राहू द्या, त्याला पांढरा रंग द्या.

आता ट्रॅप डोअर, म्हणजे पेटीतलं उघडणारं झाकण. पेटी बंद करण्याआधी आत काय-काय आहे ते बघा: वॉल्व, वायरिंगचे जंक्शन बॉक्स, वरच्या न्हाणीघराचा वास अडवणारा पाण्याचा ट्रॅप, सांडपाण्याच्या पाइपचं सफाईचं तोंड. या प्रत्येकाखाली उघडणारं झाकण हवंच. नुसता वॉल्व फिरवायचा असेल तर फूटभर चौकोन पुरतो. पाइप खोलायचा असेल तर डोकं, एक खांदा आणि पान्हा धरलेला हात आत गेला पाहिजे, म्हणून दोन फूट. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना हे जास्त सांगायला नको. त्या पाण्यानं जी.आय.च्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांचे सांधे कसे खाल्ले जातात ते तुम्ही रोजच बघता. झाकण नसेल तर प्लंबर हातोड्यानं स्वतःच करून घेतो! बोर्ड चढवण्याआधी मोजपट्टी शेजारी धरून पाइपांचे फोटो तेवढे काढून ठेवा.

काळ्या मातीचंही ऐका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तळघराच्या भिंतींना ढकलत राहते. बोर्ड भिंतीला घट्ट भिडवला की पहिल्याच वर्षी कडेला तडा जातो. अर्ध्या इंचाची खाच सोडा. एक पावसाळा ओल बघितल्याशिवाय तर जिप्सम लावूच नका.

राहिला आवाज. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की वक्त्याचं बोलणं कळेना. वॉलेस सॅबिन हा भौतिकशास्त्राचा तरुण प्राध्यापक शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री तिथं आणायचा आणि घुमणं किती सेकंदांनी विरतं ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र आपल्या तळघरालाही लागू पडतं. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद, २.४ मीटर उंच, सगळीकडे सिमेंटचा गिलावा. गिलावा आवाजाचा शंभरातला तीनएक भागच शोषतो. हिशेब केला तर रिकाम्या खोलीत आवाज विरायला पावणेचार सेकंदांहून जास्त लागतात. ऐंशी टक्के शोषणारे तीस चौरस मीटर पॅनेल लावा, तेच पाऊण सेकंदाच्या आत येतं. शिकवण्याला हे चांगलं.

पॅनेल लावायचे कुठे? दोन तुळयांच्या मधल्या खणात. ती उंची नाहीतरी डोक्याच्या कामाची नाही, तिथं दोन इंची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) बसवलं तर काहीच गमवावं लागत नाही. उरलेले भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. वरून कापड असं लावा की फुंकर पलीकडे गेली पाहिजे. रेक्झिन ओढलं तर वरच्या पट्टीतला आवाज परत फिरतो, खर्च बराचसा वाया. तबल्याच्या डग्ग्याचा खर्ज मात्र दोन इंचांना दाद देत नाही. त्याला जाडी हवी, आणि ती कोपऱ्यांत भरा.

“अंड्यांचे ट्रे चालत नाहीत का जी?” हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. नाही चालत. पातळ लगदा तो, शोषतो थोडं आणि पेटतो झटकन. थर्माकोल त्याहून वाईट, आवाज जवळपास तसाच परतवतो. जुन्या वाकळी आवाज छान पितात हे खरं, पण त्यांना ओल, उंदीर आणि ठिणगी तिन्ही लागतात, आणि तळघराला जिना बहुतेक एकच असतो.

यातल्या कशानंही वरच्या मजल्याचा दणका थांबत नाही. वर पिठाची गिरणी असेल तर तिचा कंप स्लॅबमधूनच उतरतो, रॉकवूल त्याला अडवत नाही. गिरणीच्या पायाखाली जाड रबरी पॅड घाला, तिचे बोल्ट स्लॅबला घट्ट आवळू नका. त्यासाठी आधी गिरणीवाल्याशी बोलावं लागेल.