तेलाची हिरवी गोळी

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात गंगावेशीजवळ माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरमागं उभं राहून ३१ वर्षं झाली. चिठ्ठीशिवाय लोक जे मागतात, त्यात एक मागणी रोजची ठरलेली: "ती तेलाची हिरवी गोळी द्या." नाव कुणी घेत नाही. पायात गोळे येतात म्हणून आजोबा नेतात, केस गळतात म्हणून वहिनी नेतात, चेहऱ्याला लावायला कॉलेजच्या मुली नेतात. ई जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. वर्षानुवर्षं मीही ती हसतमुखानं दिली, काही न विचारता. विचारायला हवं होतं, हे मला आमच्या पेठेतल्या आण्णांनी शिकवलं.

आण्णांच्या हृदयाची झडप बदललेली. त्यामुळं रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी जन्माची. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि शेजाऱ्यानं सांगितलं की हिरव्या गोळीनं बरं वाटतं. आण्णांनी रोज दोन सुरू केल्या. नातू येऊन पाकीट घेऊन जायचा, माझ्याच दुकानातून. महिन्याभरानं दात घासताना हिरड्यांतलं रक्त थांबेना, दंडावर काळेनिळे डाग उठले. तपासणीत रक्त हवं त्यापेक्षा फारच पातळ निघालं. डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं मागवली, तेव्हा त्या गोळ्या सापडल्या. कारण तेवढं एकच असेल असं मी म्हणणार नाही. पण ई जीवनसत्त्व जास्त प्रमाणात घेतलं तर ते के जीवनसत्त्वाच्या आड येतं. रक्त गोठायला के लागतं, आणि वॉरफेरिन नेमकं त्यालाच रोखतं. एकाच ठिकाणी दोघांचा मार.

मी म्हटलं, "आण्णा, डॉक्टरांना सांगायचं नाही का?" तर म्हणाले, "आरं, ते काय औषध हाय व्हय? व्हिटॅमिनच की ते!"

श्रोतेहो, ह्या एका वाक्यासाठी मी आज माइकसमोर बसलोय.

हे जीवनसत्त्व सापडलं १९२२ साली, कॅलिफोर्नियात. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप उंदरांवर प्रयोग करत होते. ठरावीक खाण्यावर उंदरीण गाभण राहायची, पण गर्भ टिकायचा नाही. खाण्यात हिरवा पाला आल्यावर टिकू लागला. पुढं त्याचं नाव पडलं टोकोफेरॉल, ग्रीक भाषेत 'अपत्य जन्माला घालणारं'. त्यावरूनच मूल होण्यासाठी ही गोळी, असा समज पसरला. पण उंदरांचं ते माणसाला तसंच्या तसं लागू होत नाही.

मग शरीरात ते करतं काय? शेंगदाण्याचा कूट डब्यात पडून राहिला की खवट होतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. हवेतला प्राणवायू स्निग्धाला लागतो, एक कण बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. आपल्या प्रत्येक पेशीभोवती असाच स्निग्ध पदार्थांचा पातळ पडदा असतो. ई जीवनसत्त्व त्या पडद्यात बसून बिघाडाची ही साखळी तोडतं. शेंगतेल काही महिने चांगलं राहतं, त्यात ह्याचाही वाटा आहे.

काम इतकं मोलाचं, म्हणून साहजिकच वाटलं की जास्त दिलं तर जास्त फायदा. हृदयविकार टळेल, कॅन्सर टळेल. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ह्यावर हजारो माणसं घेऊन मोठे अभ्यास झाले, आणि त्यांचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. २००० साली नऊ हजारांवर हृदयरुग्णांचा आणि हृदयविकाराचा धोका असलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: रोज ४०० युनिट, म्हणजे साधारण आपली एक गोळी, देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. अमेरिका आणि कॅनडातल्या ३५ हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात तर २०११ साली दिसलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. टाळण्यासाठी दिलं, आणि वाढला! हे वाचल्याच्या दिवशी मी दुकानात बराच वेळ गप्प बसून होतो.

म्हणून गोळी वाईट, असं मात्र नाही. यकृतावर चरबी साठून सूज येते, त्यात मधुमेह नसलेल्या काही रुग्णांना ती उपयोगी पडते. २४७ जणांच्या एका अभ्यासात ९६ आठवडे रोज ८०० युनिट दिल्यावर ४३ टक्क्यांच्या यकृतात सुधारणा झाली; नुसती बिनऔषधाची गोळी दिलेल्यांत १९ टक्के. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याची झीज होते, तिथंही सी जीवनसत्त्व आणि जस्त वगैरेंबरोबर ती कामाला येते. ज्यांच्या आतड्यात स्निग्ध पदार्थ शोषलेच जात नाहीत, त्यांना तर ती हवीच. पण प्रत्येक ठिकाणी डॉक्टर तपासून, मोजून देतात. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. पोटऱ्यांत गोळे येतात त्यावर तिचा उपयोग होतो, असा खात्रीचा पुरावा नाही.

मुलींनो, तुम्हालाही एक सांगतो. गोळी टोचून व्रणावर तेल लावलं की डाग जातो म्हणतात. ऑपरेशनच्या व्रणांवर हे करून पाहिलं, तेव्हा बहुतेकांना फरक पडला नाही, काहींचा व्रण उलट वाईट दिसू लागला, आणि तिघांतल्या एकाच्या कातडीला ॲलर्जी झाली.

आता ताटाकडं या. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मोठ्या माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व पुरेसं धरलंय, आणि आपली गोळी ४०० ची. मूठभर शेंगदाण्यांत दोन-अडीच मिलिग्रॅम मिळतं. सूर्यफुलाच्या तेलाच्या एका मोठ्या चमच्यात पाच-साडेपाच. वीस-बावीस बदामांत सात. आमच्या गंगावेशीच्या तालमीत पैलवान कुंडीत बदाम घोटून थंडाई करतात, त्यांना ही गोळी कशाला? पैलवान नसलेल्या घरात शेंगांची चटणी आहे, भाजीत कूट आहे, पालक-माठ आहे. एक मात्र सांभाळा: तेच ते तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवलं तर त्यातलं ई जीवनसत्त्व जळून जातं.

रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल, ॲस्पिरिनसुद्धा, किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर हिरव्या गोळीचं नाव डॉक्टरांना आधी सांगा. नाव आठवत नसेल तर रिकामं पाकीट न्या.

आण्णा आता सगळी औषधं एका कापडी पिशवीत ठेवतात आणि दवाखान्यात पिशवीच पुढं करतात. गोळे अजून अधूनमधून येतात. डॉक्टरांनी झोपण्याआधी पोटऱ्या ताणायला शिकवलंय. परवा दुकानात आले, तर काउंटरला दोन्ही हात टेकून, एक पाय मागं घेऊन, गिऱ्हाइकांना ते करून दाखवत होते.

नमस्कार.