आधी वास, मग ओळख

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. खाली चौक, वर माडी. त्या घरात सात वर्षं आमची मांजर मनी एकटीच नांदली. मग एका पावसाळ्यात सूरसागर तलावाच्या काठावर भिजून कुडकुडणारं मांजराचं पिल्लू दिसलं, ते मी उचललं आणि घरी येऊन थेट मनीसमोर ठेवलं. हिला सोबत होईल, एवढंच मनात होतं. मनी फिसकारली, शेपूट फुलवून कपाटावर चढली आणि चार दिवस दिवसाउजेडी खाली उतरलीच नाही. रात्री मात्र माझ्या अंथरुणात मुतून जायची. घरातले म्हणाले, सवतीमत्सर आहे, होईल सवय. पण तो मत्सर नव्हता. मनी घाबरली होती, आणि चूक माझी होती.

मांजर घर ओळखतं ते नाकानं. त्याच्या गालांत, हनुवटीत, कपाळावर, पंजांत गंधग्रंथी असतात. मनी दाराच्या चौकटीला, हिंचक्याच्या कडीला, आपल्या पायांना गाल घासते तेव्हा लाडाबरोबर स्वतःच्या वासाची खूणही लावत असते. आपली पाळीव मांजरं ज्या रानमांजरापासून आली, ते एकट्यानं शिकार करणारं आणि आपली हद्द राखणारं जनावर. त्या हद्दीत परका वास एकाएकी आला, की मांजराला स्वतःचंच घर अनोळखी होतं. म्हणून नव्या मांजराचा आधी फक्त वास घरात फिरू द्यावा. तोंडओळख सगळ्यात शेवटी.

पाचव्या दिवशी त्या पिल्लाला, म्हणजे चिंगीला, माडीवरच्या खोलीत ठेवलं आणि सगळं नव्यानं सुरू केलं. डॉक्टरांकडून तपासणी, लसीकरण आणि दोन आठवडे वेगळा मुक्काम. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा जीवघेणा विषाणूजन्य आजार आपल्या कपड्यां-चपलांवरूनही पसरतो, त्यामुळे यात घाई नको. ते आठवडे सरल्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा चिंगीच्या गालांवरून फिरवला आणि खाली चौकात, मनीच्या ताटलीपासून हातभर लांब ठेवला. मनीनं तो हुंगला, वरचा ओठ आखडून तोंड किंचित उघडं ठेवलं. टाळूत वास पारखणारं एक इंद्रिय असतं, तिथवर ती तो वास नेत होती. मग पाठ फिरवून निघून गेली. रोज नवा तुकडा ठेवत गेले. सहाव्या दिवशी ती त्यावर अंग मुडपून बसली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींचं जेवण, ताटल्या रोज थोड्या जवळ. मग जाळीचं दार, मग पाच-दहा मिनिटांची भेट. फिसकारलं तर फिसकारू द्या, रागावू नका. डोळे न मिटता रोखून बघणं, कान मागे चपटे होणं दिसलं, की मधे पुठ्ठा धरा. हात कधीच घालू नका. दोन मांजरांना लिटर ट्रे, म्हणजे शी-शूसाठीचे वाळूचे ट्रे, तीन हवेत, तेही वेगवेगळ्या जागी. आणि फिनेल बंद करा. त्यातली रसायनं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, शिवाय त्यांनी कष्टानं लावलेल्या खुणाही पुसल्या जातात. नवरात्रात किंवा उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात नवं मांजर आणू नका. आवाजानं घरातलं आधीच बिथरलेलं असतं.

आता दोघी हिंचक्यावर दोन टोकांना बसतात. बिलगून झोपत नाहीत, आणि मी तशी अपेक्षाही ठेवत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, नवं पिल्लू आल्यापासून आमचा बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, रुसलाय का? ताई, तो जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, असं असेल तर सकाळची वाट बघू नका. ताणामुळे बोक्यांना मूत्राशयाचा दाह होतो, मार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आज रात्रीच डॉक्टर गाठा. बाकीचं आपण नंतर बोलू.