कृष्णाकाठ दाखवताना : वाई, मेणवली, लिंब

मंडळी, वाईला पाहुणा आला की तो ढोल्या गणपतीला हात जोडतो, मूर्तीची भव्यता बघतो आणि निघतो. त्याला थांबवा आणि देवळाच्या मागच्या बाजूला न्या. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये हे देऊळ अगदी नदीच्या पात्रालगत बांधलं. म्हणून मागची भिंत सरळ न ठेवता माशाच्या आकाराची, निमुळती केली. पुराचा लोंढा तिच्यावर सपाट आदळत नाही, दोन्ही अंगांनी फाकून जातो. देवळाची खरी कारागिरी या पाठीत आहे.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली कृष्णेचा घाट. वाड्याला मालक आहेत, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नये. घाटावरच्या घंटेजवळ मात्र सावकाश उभं राहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल उठावात दिसतं. 1739 च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेली ही घंटा. पाहुणे ती वाजवायला धावतात. उठाव हातानं चोळू नका, एवढं तरी सांगा.

आता साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर. वीरूबाई भोसल्यांनी ती बांधवली, काम चाललं 1719 ते 1724. वरून बघितलं की अष्टकोनी, शिवलिंगाच्या घाटाची. पण नुसता आकार सांगून भागत नाही, मोट, म्हणजे बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची पखाल, कशी चाले ते सांगा. कातड्याच्या मोटेला तोंडाशी नाडा, म्हणजे जाड दोर, आणि खालच्या सोंडेला सोल, म्हणजे बारीक दोर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतरत्या वाटेवरून, उतरू लागले की भरलेली मोट वर येते; तोवर सोलीनं सोंड वर दुमडून धरलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. वर पोचताच सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, ओढली जाते, पाणी ओतलं जातं, आणि बैल मागे सरकत धाव चढतात. एवढं कळलं की धाव उताराची का, हे विचारावं लागत नाही.

दुरुस्तीबद्दल एक कटकटीची गोष्ट. जुन्या दगडी बांधकामाच्या सांध्यांत सिमेंट भरलं की ओल अडकते. चुना ती बाहेर सोडतो. अडकलेल्या ओलीतले क्षार दगडाच्या तोंडाशी साचतात आणि पापुद्रे सुटतात. ऑइलपेंटचंही तेच. पिंपळाचं रोप नुसतं वरून छाटलं तर ते पुन्हा फुटतं आणि मुळं सांध्यात जाडच होत जातात. ते कोवळं असतानाच मुळासकट काढायचं.

पावसाळ्यात आणि नंतरही काही आठवडे घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे कुणाला उतरू देऊ नका. विहिरीत उतरताना गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत, आणि मुलं आपल्या पुढे नकोत, मागे.