बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवतेय, तरी होडीची मोटर का ओढत नाही?

(दृश्य: गोव्यातलं चोडण बेट, सकाळ. समोरून रायबंदरची फेरीबोट निघालीय.)

हा जो आवाज येतोय ना तो फेरीबोटीचा आहे, आपल्या होडीचा नाही. आपली होडीसुद्धा चालूच आहे, पण ट्रोलिंग मोटरवर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरवर आहे म्हणून ऐकू येत नाही, आणि लोक ही मोटर लावतात ती याचसाठी. इथे बाजूलाच सलीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटीच्या कडेकडेने पाहुण्यांना पक्षी दाखवायचे असोत की चोणक मिळेल म्हणून गळ टाकून बसायचं असो, पेट्रोल इंजिनाची दोरी ओढली की पक्षी पण गेले आणि मासा पण गेला.

मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर काकांनी होडी पहिल्यांदा पाण्यात घातली, मी सोबत होतो. एक नंबरच्या स्पीडवर मोटर छान फिरत होती, पाचवर टाकली की दोन मिनिटं ओढायची आणि मग आवाज हळूहळू बसत जायचा, जसा दमलेल्या माणसाचा बसतो तसा. ओहोटी लागलेली, शेवटी वल्हं काढलं आणि तासभर वल्हवत धक्क्याला आलो. तिथे ज्याला त्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, बॅटरी गेली, नवीन घ्या. काकांनी घेतली. नवीन बॅटरी लावली आणि मोटरची रड तीच! काकांचे एवढे पैसे उगाच गेले हे मला अजूनही लागून राहिलंय, म्हणून हे सगळं नीट दाखवतोय.

(दृश्य: होडीच्या तळाशी बॅटरी, बाजूला मल्टिमीटर.)

आता मीटर बघा. पूर्ण चार्ज झालेली, दोन-चार तास शांत ठेवलेली लेड अ‍ॅसिड बॅटरी 12.6, 12.7 दाखवते, 12.2 आलं तर समजा अर्धी संपलीय. पण हे मोटर बंद असताना, आणि मोटर बंद असताना मोजून फार काही कळत नाही. मोटर पाण्यात हवी, पाच नंबरवर हवी, आणि तेव्हा मोजायचं. तेव्हा जर बॅटरीच्या टर्मिनलवरच साडेदहाच्या खाली गेलं तर बॅटरी एकतर उतरलीय नाहीतर खरंच गेलीय. आमच्याकडे बॅटरीवर 12.1 होतं, म्हणजे ठणठणीत. मग तेच मीटर मोटरच्या टोकाला लावलं, तिथे 9.4. मधले 2.7 व्होल्ट गेले कुठे?

हे शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरी त्याच वायरच्या दुसऱ्या टोकाला, मोटर चालू. जोड चांगला असेल तर जवळजवळ शून्य दिसतं, जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या तुकड्यात जिरतायत. असं करत एकेक तुकडा पुढे जायचं, प्लसचा झाला की मायनसचा, कारण मायनसची बाजू बहुतेक लोक विसरतातच. मोटरची वायर जिथे जोडतात त्या एकट्या प्लगमध्ये 1.6 व्होल्ट सापडले. डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावतात तो) करंट मोजला तर 40 अँपिअर (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथे चालत नाही), म्हणजे 1.6 गुणिले 40, 64 वॅट! सोल्डरिंगची छोटी इस्त्री 25 वॅटची असते, तशा दोन-अडीच इस्त्र्या त्या प्लगच्या पोटात तापत होत्या. एक नंबरवर करंट कमी म्हणून तिथे काही कळत नव्हतं.

हा बघा तो प्लग, जवळून बघा. बाहेरून चकचकीत, उघडला तर पिन हिरवी आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन बसलेलं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, त्याच जातीचं हे, फक्त ताकाच्या जागी मांडवी नदीचं पाणी. पावसात नदी गोडी असते, पुढे भरतीबरोबर खारेपणा वर चढत जातो, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे नुसती टेप गुंडाळलेला जोड आतून कधी सुकतच नाही.

उरलेले 1.1 व्होल्ट वायरीत होते. कुणीतरी गिझरची चार स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली, जाऊन-येऊन सहा मीटर. घरात 230 मधला एक व्होल्ट गेला तर गिझरला पत्ताही लागत नाही, इथे मुळात बाराच आहेत. सोळा स्क्वेअर एमएम टाकली तर तेवढ्याच लांबीत पाव व्होल्टच्या आसपास जातो. आणि वायर घ्याल ती कल्हई केलेली घ्या, तांब्याच्या भांड्यांना करतात तीच कल्हई, तारेतारेवर असते, खाऱ्या हवेत साधं तांबं तिच्यापुढे टिकत नाही. जुनी वायर वापरणार असाल तर लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा, काळेपणा आत फूटभरसुद्धा गेलेला असतो. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, पक्कडीने दाबू नका, लग दाबायच्या क्रिंपिंगच्या हत्याराने बसवा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा. बॅटरीजवळ डीसीचा 60 अँपिअरचा ब्रेकर लावा, घरातला एसीचा एमसीबी इथे भरवशाचा नाही. आणि या कशालाही हात लावण्याआधी बोटातली अंगठी काढा आणि बॅटरीचा मायनस सोडवा, मीटर लावताना मायनस जोडलेलाच असतो तेव्हा तर जास्तच जपा, पाना दोन्ही टर्मिनलला एकदम टेकला तर जागच्या जागी वेल्डिंग होतं.

वायरिंग ठीक असून त्रास असेल तर मोटरकडे बघा. पाच नंबरच्या हँडलवाल्या मोटरमध्ये फक्त पाचवाच चालतो आणि खालचे मेले असतील तर स्पीड कॉइल (खालच्या नंबरांना वेग कमी करणारी) जळलीय. पंख्याला ढकललं की मोटर सुरू होते, नाहीतर नाही, असं असेल तर कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजलेत (ढकलायचं ते काठीने, बोटं घालू नका). पंख्यामागे गळाची दोरी अडकलीय का तेही बघा, ती सील कापते आणि पाणी आत जातं.

काकांची जुनी बॅटरी नंतर चार्ज करून लोडवर, म्हणजे मोटर चालू ठेवून मोजली. ती चांगलीच निघाली.

(दृश्य: होडी प्रवाहाच्या उलट निघालीय.)

आज निघताना मोजलं, पाच नंबरवर बॅटरीपाशी 12.1, मोटरपाशी 11.7. ओहोटी जोरात आहे, काका सुकाणूला आहेत, आणि मी गेली दहा मिनिटं नवीन प्लगवर हात ठेवून बसलोय. गार आहे.