पिंजरा भिंतीलगत ठेव

इंदूरला रामबागेतलं आमच्या आत्याचं घर. लाकडी जिना, खाली स्वयंपाकघर, आणि रात्री सगळे झोपले की उंदीर. उंदरांवरच्या व्हिडिओच्या शूटिंगसाठी आम्ही पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवला, कारण कॅमेऱ्यात तिथे छान दिसत होता, आत लवंगी शेव टाकली. आत्या बघून म्हणाली, "अरे मधोमध काय ठेवलास, उंदीर काय राजवाड्यासमोर फिरायला निघालाय का? भिंतीलगत ठेव." आम्ही ऐकलं नाही. दोन रात्री शेव जशीच्या तशी.

आता गंमत अशी की आत्याला जे माहितीये ना, त्याच्यावरच उंदरांच्या घाबरण्याचा अभ्यास चालतो. उंदराला उघड्यावर भीती वाटते, वरून घार येईल, बाजूने मांजर येईल, म्हणून तो मिशा भिंतीला घासत घासत कडेकडेने जातो. लॅबमध्ये त्याला उजेडातल्या मोठ्या उघड्या खोक्यात सोडतात आणि मोजतात की मध्ये किती वेळ आला, कडेला किती वेळ राहिला. दुसरी एक टेस्ट आहे, अधिकच्या चिन्हासारखी चार फाट्यांची पट्टी, जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच, दोन फाट्यांना भिंती आहेत, दोन अगदी उघडे, कठडा नसलेल्या गच्चीसारखे. उंदीर मध्ये सोडायचा आणि पाच मिनिटं बघायचं. उघड्या फाट्यावर जो जास्त वेळ हिंडला तो निर्धास्त, जो भिंतींच्या आड बसून राहिला तो घोर लावून घेणारा. आणि हो, भीती वेगळी आणि घोर वेगळा बरं का. मांजर समोर आलं तर ती भीती. मांजर कुठेच नाही आणि तरी जीव थाऱ्यावर नाही, तो घोर. आपल्याला इथे घोराचं बघायचंय.

या घोराचा धागा जातो सेरोटोनिनकडे, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणाऱ्या केमिकलकडे. हे नाव तुम्ही ऐकलंच असेल, हल्ली प्रत्येक दुसऱ्या रीलमध्ये असतं, "आनंदाचं केमिकल" वगैरे. मला ते नाव अजिबात पटत नाही. 1948 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला ते वेगळं काढलं ते रक्तातून, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ म्हणून, मेंदूत ते सापडलं 1953 मध्ये, आणि आजही शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन पोटात, आतड्यात असतं. म्हणजे सराफ्यात रात्री जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला की ते सगळं पुढे ढकलायलासुद्धा हेच कामाला लागतं.

पण नुसतं सेरोटोनिन असून काही होत नाही, ते पकडणारा, पेशीच्या अंगावर बसलेला रिसेप्टर पाहिजे. असे चौदाएक प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि एकच निरोप प्रत्येकजण आपल्या पद्धतीने घेतो. आपला हिरो आहे वन-ए. हा दोन ठिकाणी बसतो. एक म्हणजे मेंदूच्या देठात, ज्या पेशी सेरोटोनिन सोडतात त्यांच्याच अंगावर, तिथे त्याचं काम टाकीतल्या बॉलकॉकसारखं, नर्मदेचं पाणी भरत आलं की बॉल वर येतो आणि नळ बंद. सेरोटोनिन वाढलं की हा पेशीला म्हणतो, बास आता. दुसरं ठिकाण म्हणजे पुढचा मेंदू, हिप्पोकॅम्पस आणि कॉर्टेक्स, तिथे तो फक्त निरोप घेणारा.

1998 मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या लॅब्जनी या रिसेप्टरचा जीनच काढून टाकलेले उंदीर बनवले, आणि तिन्हीकडे तेच, उंदीर घोर लावून बसलेले, मध्ये यायलाच तयार नाहीत. (टू-ए नावाचा दुसरा रिसेप्टर काढला तर मात्र उंदीर उलट बिनधास्त होतात, म्हणून म्हणतो ते "आनंदाचं केमिकल" सोडून द्या.)

मग प्रश्न आला की हा रिसेप्टर लागतो कुठे आणि कधी. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात रेने हेन यांच्या लॅबने जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी असे उंदीर बनवले की रिसेप्टर फक्त पुढच्या मेंदूत परत आला, आणि त्याला एक स्विच, तो स्विच म्हणजे डॉक्सिसायक्लिन, आपले डॉक्टर पुळ्यांना लिहून देतात तीच गोळी. औषध चालू तर रिसेप्टर बंद, औषध बंद तर रिसेप्टर चालू. पुढच्या मेंदूत रिसेप्टर परत आला तेवढ्यानेच उंदीर नॉर्मल झाले, म्हणजे इथे बॉलकॉकचा मुद्दाच नव्हता. मग त्यांनी मोठ्या झालेल्या उंदरात तो बंद केला. काय झालं? काहीच नाही, उंदीर मजेत. आणि मग उलटं केलं, पिल्लं लहान असताना, जन्मानंतरचे सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला आणि नंतर कायमचा चालू. हे उंदीर मोठेपणी घोर लावूनच बसले. रिसेप्टर आहे, चालू आहे, सगळं जागेवर आहे, पण वेळ गेली होती. 2002 मध्ये हे छापून आलं.

दोन वर्षांनी त्याच विद्यापीठातून अजून एक धक्का. पिल्लांना जन्मानंतर चौथ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुऑक्सेटिन दिलं, म्हणजे मोठ्या माणसांना घोर कमी व्हावा म्हणून देतात तेच औषध, जे सेरोटोनिन वाढवतं, आणि ती पिल्लं मोठी होऊन जास्त घोर लावून घेणारी निघाली. त्या दिवसांत सेरोटोनिन मूड सांभाळत नसतं, ते वायरिंग करत असतं, कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी. हे उंदरांचं आहे हं, कोणी हे ऐकून आपली किंवा घरच्यांची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं.

तिसऱ्या रात्री आम्ही मुकाट्याने पिंजरा भिंतीला लावला. सकाळी पोहे व्हायच्या आधी आत्याची हाक आली, "आला बघ तुझा हिरो." पिंजरा घेऊन शाळेमागच्या मैदानावर गेलो आणि बरोब्बर मधोमध दार उघडलं. तो बाहेर आला, क्षणभर मिशा हलवत थांबला, आणि मग सुटला तो थेट कंपाउंडच्या भिंतीकडे.