पडदा, कॅमेरा आणि माती

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं चित्रं काढल्यावर गेल्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा मातीला हात लावला. समोरून नाक, डोळे, ओठ सगळं मनासारखं उतरलं. मग पाट फिरवला, तर कानामागे नुसता गोळा! चित्रात कानामागची बाजू कधी काढावीच लागत नाही ना.

त्या दिवसापासून कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मनातून जात नाहीत. घराणं मेस्त्रींचं, सुतारकाम, लोहारकाम घरातच. आनंदराव पेंटरांच्या जोडीनं त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. १९१६ साली आनंदराव गेले, पण दोघांनी मिळून घेतलेला सिनेमाचा ध्यास बाबूरावांनी सोडला नाही. सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच घडवला. १९२० साली ‘सैरंध्री’ आला आणि लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

हे पुष्कळांना ठाऊक असेल. मला भिडतं ते वेगळंच. ज्यांचं नाव पडद्यांमुळे झालं, त्यांनीच आपल्या सिनेमातून रंगवलेले पडदे हटवले! नाटकात कापडावरचा महाल प्रेक्षक खुशीनं खरा मानतो. कॅमेऱ्यापुढे ते कापडच राहतं. म्हणून बाबूरावांनी माणसं वावरतील अशा जागा उभ्या केल्या. हातात मुरलेली विद्या अशी बाजूला ठेवायला केवढी छाती लागत असेल!

उजेड-सावलीची जाण मात्र त्यांच्यासोबत आली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मधली ती काळोखी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, पाहणाऱ्यांच्या आठवणीत कायमचं राहिलं. चित्रकाराचा डोळा आहे तो. अंधार कुठे ठेवायचा, हे त्याला कळतं.

ब्रशही सुटला नव्हता. आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत. पुढे आपली महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडल्यावर ते चित्राकडे, शिल्पाकडे वळले. १९५४ साली ते गेले. त्यांच्या या परतण्याला लोक सिनेमा सुटला म्हणून हळहळतात. मला तसं वाटत नाही. कॅमेऱ्यामागे इतकी वर्षं काढलेला माणूस मातीपुढे बसतो, तेव्हा तो पूर्वीचा राहिलेला नसतो.

माझा तो चेहरा मी मोडला नाही. ओलं फडकं गुंडाळून ठेवलाय. रोज सकाळी फडकं सोडते, पाट फिरवते आणि कानामागूनच कामाला लागते.

नमस्कार.